धावण्याचा सदरा आणि बाळकुमचा घाम



बियाणे विकत घेताना आपण पिशवीवरच्या चित्राला भुलत नाही. उगवणशक्ती किती, हे विचारतो. शंका आली तर ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. मग घरातल्या मुलासाठी पाच-सातशे रुपयांचा ‘धावण्याचा खास टी-शर्ट’ आणताना ही सवय कुठे जाते? त्यावर छापलेले असते, ‘घाम टिपतो, अंग थंड ठेवतो.’ आपण वाचतो, मान डोलावतो आणि पैसे मोजतो. यातले खरे किती आणि जाहिरात किती, हे आज पाहू.

शेतीच्या साप्ताहिकात कपड्यांची चर्चा कशाला, असे कुणी म्हणेल. कारण सांगतो. पहाटे गावाबाहेरच्या रस्त्याने धावणारी मुले-मुली तुम्ही रोज पाहता. ती हौसेने धावत नाहीत. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण त्या एका धावेचे असतात. राज्य राखीव पोलीस दलासाठी तर ५ किलोमीटर धाव आहे. दोन एकरांवर चार तोंडे भागत नाहीत, म्हणून घरातले एक मूल वर्दीच्या आशेने घाम गाळत असते. त्याला चांगला सदरा मिळावा, ही आई-बापांची इच्छा रास्तच आहे. पण ‘हा सदरा घातला की ऊन बाधत नाही’ असा समज घरात शिरला, तर तो जिवावर बेतू शकतो.

ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये झारखंडात उत्पादन शुल्क खात्याच्या शिपाई भरतीत १० किलोमीटरची धाव ठेवली होती. त्या चाचण्यांच्या काळात दहाहून अधिक उमेदवार दगावले. आपल्या जवळचे उदाहरण तर तुम्हाला ठाऊकच आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. त्या उन्हाने १४ माणसांचा बळी घेतला. ती माणसे धावत नव्हती, नुसती बसली होती. दमट हवेतले ऊन काय करते, हे त्यावरून ध्यानात घ्या.

बाळकुमच का?

ही पारख मी बाळकुमला केली. बाळकुम म्हणजे ठाण्याचे खाडीकाठचे जुने गाव. पूल ओलांडला की कशेळी, आणि त्याच रस्त्याने पुढे यंत्रमागांची भिवंडी. आता गावठाणाभोवती उंच इमारती उभ्या आहेत आणि गाव महानगरपालिकेत आहे, पण खाडीची हवा काही बदललेली नाही. शेजारीच साकेतचे पोलीस मैदान आहे. ठाण्याच्या पोलीस भरतीच्या मैदानी चाचण्या तिथे होतात. म्हणजे ज्या हवेत आपल्या मुलांना परीक्षा द्यायची, त्याच हवेत सदऱ्याचीही परीक्षा घ्यावी, हा हिशेब.

या हवेची गोष्ट निराळी आहे. हवामान खाते मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांना पोचल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार करत नाही. किनाऱ्यावर मात्र ३७ अंशांपासूनच तो होतो, अर्थात तापमान नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त असेल तर. किनाऱ्याला ही सवलत का, याचे उत्तर तुमच्या घरातल्या माठात आहे.

माठाचे शास्त्र

माठातले पाणी गार का होते? माठ पाझरतो, पाझरलेले पाणी हवेत उडून जाते आणि जाताना आतली उष्णता घेऊन जाते. विदर्भातल्या मे महिन्यात माठाचे पाणी दाताला झोंबते. तोच माठ पावसाळ्यात ठाण्याला ठेवा. बाहेरून ओलाचिंब, आत पाणी कोमट. माठ तोच, पाणी तेच. हवेत पाणी घ्यायला जागाच उरलेली नाही.

आपले शरीरही माठच आहे. धावताना शरीर जेवढी शक्ती खर्च करते, तिचा सुमारे तीन चतुर्थांश भाग नुसती उष्णता होऊन बाहेर पडतो. ६० किलो वजनाचा मुलगा १ किलोमीटर धावला तर अदमासे ६० किलोकॅलरी खर्ची पडतात. त्यातल्या ४५ उष्णतेच्या. १० किलोमीटरला ४५० झाल्या. आता दुसरी बाजू पाहा. अंगावरचा १ लिटर घाम पूर्ण वाळला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास घाम वाळला तरी १० किलोमीटरची उष्णता निघून जायला हवी. पण अट एकच : घाम वाळला पाहिजे. जो घाम हनुवटीवरून टपकला तो फुकट गेला. अंगातले पाणीही गेले, मीठही गेले आणि गारवा काही मिळाला नाही.

हवेत किती जागा आहे हे घरी मोजता येते. दोन साधे तापमापक शेजारी शेजारी टांगा. एकाच्या खालच्या गोळीला ओले सुती फडके गुंडाळा आणि फडक्याचे टोक पाण्याच्या वाटीत सोडा. वर जरा वारा घाला. कोरड्या आणि ओल्या तापमापकांत फरक मोठा असेल तर घाम चांगला वाळेल. फरक थोडा असेल तर वाळणार नाही. हवा ४२ अंश तापलेली पण कोरडी असेल, आर्द्रता १५ टक्के, तर ओला तापमापक सुमारे २२ अंश दाखवतो. ठाण्याकडची हवा ३५ अंशच असली आणि आर्द्रता ६० टक्के असली, तर ओला तापमापक २८च्या आसपास थांबतो. ‘आमच्याकडे कुठे नागपूरएवढे ऊन आहे’ असे म्हणून किनाऱ्यावरची माणसे निर्धास्त राहतात, ती इथे फसतात.

कापडात फरक काय?

आता सदऱ्याकडे वळू. हा सदरा पॉलिएस्टरचा असतो. १९४१ साली इंग्लंडमध्ये याचा शोध लागला. पुढे टेरिलीन आणि टेरिकॉट म्हणून हेच सूत आपल्या घराघरांत आले. टेरिकॉटचा सदरा उन्हाळ्यात किती चिकटायचा, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. मग तेच सूत आता घामासाठी चांगले कसे झाले? फरक विणीत आणि धाग्याच्या घडणीत आहे.

कापसाचा तंतू पाणी पितो. साध्या हवेतसुद्धा कापूस आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून असतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून सुती बनियन घामाने भिजले की जड होते, अंगाला चिकटते आणि वाळायला वेळ घेते. धावण्याच्या सदऱ्यात धागे बारीक असतात, काहींना लांबीच्या दिशेने खाचा असतात आणि वीण मोकळी, जाळीदार असते. पाणी धाग्याच्या आत शिरत नाही, धाग्यांमधल्या फटींतून पसरत जाते. कंदिलाची वात रॉकेल वर ओढते किंवा जमिनीतली ओल केशाकर्षणाने वर चढते, तसेच हे. अंगालगतचा घाम बाहेरच्या बाजूला मोठ्या जागेवर पसरतो आणि पसरल्यामुळे लवकर वाळतो. जाहिरातीत एवढे खरे आहे. मात्र पसरलेला घाम घ्यायला हवेत जागा असली पाहिजे. सदरा घाम पसरवील. हवा कोरडी करणे त्याच्या हातात नाही.

पारख कशी केली

पीक प्रात्यक्षिकात आपण नव्या वाणाशेजारी जुना वाण लावतो, तसेच इथे केले. भरतीची तयारी करणारी, जवळपास सारख्या बांध्याची दोन मुले घेतली. एकाला सुती बनियन, दुसऱ्याला धावण्याचा सदरा. रंग दोन्हींचा फिका, माप अंगाला सैल. वाट एक, वेळ एक. दुसऱ्या दिवशी कपडे अदलाबदल केले, म्हणजे मुलामुलांतला फरक कपड्याच्या माथी बसणार नाही. दोन दिवस सकाळी सहाला, दोन दिवस संध्याकाळी पाचला.

मोजमाप साधे. धावण्याआधी कोरडा कपडा स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलायचा. मुलाचे वजन फक्त चड्डीवर घ्यायचे. धावून आल्यावर अंग पुसून पुन्हा वजन, आणि भिजलेला कपडाही पुन्हा तोलायचा. मग दोन्ही कपडे एकाच दोरीवर सावलीत टाकायचे आणि आधी कोणता वाळतो ते पाहायचे. घामाचा हिशेब असा : समजा आधी वजन ६० किलो होते, नंतर ५९ किलो २०० ग्रॅम भरले आणि मधे पाव लिटर पाणी पिऊन झाले, तर घाम गेला १ लिटर ५० मिलिलिटर.

दोन मुलांच्या चार दिवसांवरून आकडे छापणे बरे नाही. एका वाफ्यावरून कोणी वाणाची शिफारस करत नाही. पण जे डोळ्यांना दिसले ते सांगतो.

पहिले, सुती बनियनने दरवेळी जास्त पाणी धरले आणि ते जड झाले. दुसरे, दोरीवर धावण्याचा सदरा दरवेळी आधी वाळला. तिसरे, मुलांना विचारले तर दोघांनीही सदऱ्याला पसंती दिली. हलका वाटतो, काखेत घासत नाही, पाठीला चिकटत नाही, असे ते म्हणाले. चौथी गोष्ट मात्र जाहिरातीत नसते. अंगातून गेलेला घाम दोन्ही कपड्यांत जवळपास सारखाच होता. संध्याकाळी वारा पडला तेव्हा दोन्ही कपडे ओले आणि दोन्ही मुले लालबुंद. सकाळ आणि संध्याकाळ यांतला फरक मात्र दोन कपड्यांतल्या फरकापेक्षा मोठा निघाला.

शास्त्रज्ञांनीही हे तपासले आहे. २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे ३० अंश तापमानात माणसांना सुती कपड्यांत, कृत्रिम धाग्याच्या कपड्यांत आणि जवळजवळ उघड्या अंगाने पळायला लावले. शरीराच्या तापमानात कापडामुळे फरक पडला नाही. १९८० साली दुसरा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वाळवंटातले बदाऊनी लोक कडक उन्हात काळे झगे का घालतात, असा प्रश्न होता. उत्तर निघाले की झगा सैल असल्याने आतून वारा खेळतो, म्हणून काळ्या-पांढऱ्याचा फरक अंगापर्यंत पोचतच नाही. तेव्हा कापडाच्या नावापेक्षा कपड्याचा सैलपणा आणि आत खेळणारा वारा यांकडे अधिक लक्ष द्या.

कुठे घालावा, कुठे घालू नये

मग सदरा घ्यावा की नाही? ज्याला रोज धावायचे आहे त्याने एक जरूर घ्यावा. काख आणि छाती सोलवटत नाही, हा फायदा लहान नाही. खरा उपयोग तर पावसाळ्यात आहे. २०२४ ची पोलीस भरती १९ जूनला सुरू झाली, म्हणजे ऐन पावसाच्या तोंडावर. ठाण्याची वर्षा मॅरेथॉनही ऑगस्टमध्ये असते. त्या दिवसांत सुती बनियन दोन-दोन दिवस दोरीवर ओलेच राहते, आणि ओला कपडा अंगावर चढवला की गजकर्ण आलेच. हा सदरा रात्री धुतला तर सकाळी घालता येतो. महागाचाच पाहिजे असे नाही. हातात घेऊन उजेडासमोर धरा, वीण मोकळी दिसली पाहिजे. त्यावर पाण्याचा थेंब टाका. थेंब गोळा होऊन न बसता झटकन पसरला तर घ्या. छातीवर रबरासारखे मोठे चित्र छापलेले असेल तर घेऊ नका, तेवढ्या जागेतून वारा जात नाही.

शेतकामाला मात्र आपले जुने सैल सुती कपडेच बरे. कोरड्या मुलखात, म्हणजे विदर्भ-मराठवाड्यात, भिजलेले सुती उपरणे हळूहळू वाळते आणि तेवढा वेळ डोके गार ठेवते. कापसाचा जो अवगुण धावताना नडतो, तोच तिथे गुण ठरतो.

दोन कामांना तर हा सदरा कधीही घालू नका. पहिले काम राब भाजण्याचे. आपल्या ठाणे-कोकणच्या भातशेतीत हे घरोघर चालते. ठिणगी पडली तर सूत जळते, पण पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते आणि जखम खोल होते. चुलीपुढे आणि वेल्डिंगच्या कामालाही हेच लागू. दुसरे काम फवारणीचे. जे कापड घाम बाहेर ओढते, ते बाहेरचे औषधही आत ओढू शकते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-मजुरांचे प्राण गेले, हे विसरू नका. फवारणीला पूर्ण बाह्यांचा जाड कपडा, त्यावर वेष्टन, हातमोजे आणि तोंडाला मास्क, यात तडजोड नाही.

जीव वाचवते ते काय

सदऱ्याचे गुण-अवगुण पाहिले. आता ज्यावर जीव अवलंबून आहे ते ऐका.

१) वेळ. उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधी धावणे संपवा. पहाटे हवा दमट असते खरी, पण तापमान कमी असल्याने अंगाला ती सोसते.

२) सवय. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. रोप एकदम रखरखीत उन्हात ठेवत नाही, तसेच हे. पहिल्या आठवड्यात अंतर निम्मे, वेग कमी. भरतीची तारीख लागली म्हणून एकदम जोर लावू नका.

३) पाणी आणि मीठ. वर सांगितल्याप्रमाणे वजन करून आपला घाम ओळखा. थोडे थोडे पाणी आधीपासून प्या. नंतर मीठ घातलेले ताक उत्तम. घरचे जीवनजल असे : १ लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. धावून आल्यावर वजन वाढलेले दिसले तर पाणी गरजेपेक्षा जास्त झाले, तेही बरे नाही.

४) आजार. ताप, जुलाब किंवा रात्रीचे जागरण असेल त्या दिवशी धावू नका. एक दिवस बुडाल्याने भरती बुडत नाही.

५) एकट्याने धावू नका. सोबत्याने बोलणे ऐकत राहावे. बोलणे अडखळले, पाय वेडेवाकडे पडू लागले, मुलगा काहीतरी असंबद्ध बोलू लागला, तर ती थकवा आल्याची नव्हे, उष्माघाताची खूण आहे. घाम येत असला तरी उष्माघात होऊ शकतो.

अशा वेळी ‘जरा दम धर, शेवटची फेरी आहे’ असे म्हणू नका. तिथल्या तिथे थांबवा, सावलीत आडवे करा, सदरा काढून टाका, मग तो कितीही महागाचा असो. अंगावर गार पाणी ओतत राहा आणि वारा घाला. बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघेत ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते छातीत जाते. एकाने १०८ ला फोन करावा. गाडी येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नये. त्या काही मिनिटांतच बरे-वाईट ठरते.

घरातल्या भगिनींसाठी

हा सदरा धुण्याचे काम बहुधा तुमच्याच वाट्याला येते. तो रात्रभर गोळा करून ठेवू देऊ नका. अंगाचा तेलकटपणा पॉलिएस्टर धरून ठेवते, मग वास हटत नाही. उलटा करून गार पाण्यात, थोड्या साबणात, त्याच दिवशी धुवा; खरे तर ज्याचा त्यानेच धुवावा. कपडे मऊ करण्याचे द्रव त्यात घालू नका. धाग्यांमधल्या फटी त्याने बुजतात आणि घाम पसरवण्याचा गुण जातो. इस्त्रीची गरज नाही. आणि घरात मुलगी धावत असेल तर तिलाही स्वतःच्या मापाचा सदरा घ्या. भावाचा उतरलेला घट्ट सदरा देऊ नका. सातारा जिल्ह्यातल्या मोहीची ललिता बाबर दुष्काळी भागातल्या शेतकरी घरातली मुलगी. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ती ३००० मीटर अडथळा शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली, हे मुलीला अवश्य सांगा.

थोडक्यात, एक साधा सदरा घ्या आणि उरलेले पैसे दूध, अंडी, शेंगदाणे आणि चांगले बूट यांवर खर्चा. सदऱ्याची पारख घरच्या घरी करून पाहा. काटा आहे, दोरी आहे आणि धावणारे मूलही घरचेच आहे. वहीत तारीख, वेळ आणि वजन लिहून ठेवा. आठ दिवसांत तुमचे तुम्हालाच कळेल की कोणत्या वेळी किती धावणे अंगाला मानवते. ही नोंद कोणत्याही जाहिरातीपेक्षा खरी असेल, कारण ती तुमच्या गावच्या हवेत, तुमच्या मुलाच्या घामाची आहे.

कळावे.